न फिरलेला डोंगर

आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर एका बोळाच्या दोन बाजूंना दोन खोल्या आहेत. एक माझी, भूगोलाची. समोरची भूशास्त्राची, दगड कापायची. तास नसेल तेव्हा मी खिडकीशी बसून वह्या तपासतो आणि समोर झुंबर गणोरे पाण्याच्या करवतीवर दगडाच्या कांड्या कापत असतो. बारा वर्षं हे असंच चाललंय. करवत चालू असली की बोलता येत नाही, म्हणून आमची ओळख सगळी चहाच्या वेळेत झाली.

झुंबर दिंडोरी तालुक्यातला. घरी द्राक्षाची बाग आहे, ती थोरला भाऊ आणि झुंबरची बायको दीपमाला बघतात. कॉलेजात यायच्या आधी तो सहा वर्षं बोअरच्या गाडीवर होता. भोक पाडणारं बिट खडकात कुठे अडणार, कुठे सटकणार, हे त्याला आवाजावरून कळायचं. आमच्या भूशास्त्राच्या देवरे सरांनी त्याला एकदा कुणाच्या तरी मळ्यात बोअर मारताना पाहिलं आणि इकडे आणलं. कंत्राट अकरा महिन्यांचं. मग महिनाभर घरी, मग नवा कागद, नवी सही. दर वर्षी तो महिना जवळ आला की झुंबर जरा जास्तच वाकून नमस्कार करायला लागायचा. ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

देवरे सरांचा विषय खडकांच्या चुंबकत्वाचा. आपला हा काळा पाषाण कधीकाळी लाव्हा होता. तो थिजताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाला धरून बसले आणि तसेच अडकून राहिले. विषुववृत्ताजवळ थिजलेल्या खडकात त्यांचा कल जवळजवळ आडवा असतो, ध्रुवाकडे जावं तसा तो तिरपा होत जातो. म्हणून आज खडकाचा तुकडा मोजला तरी तो थिजला तेव्हा ती जमीन कोणत्या अक्षांशावर होती ते कळतं. नाशिकचा खडक सांगतो की तेव्हा हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेला होता. तिथून भारत वर सरकत आला आणि आशियाला धडकला. कधी धडकला, यावर मात्र अजून वाद आहे. सरांचं काम असं, की भारताच्या बाजूचे खडक इथे मोजायचे, पलीकडच्या काठाचे लडाखात जाऊन मोजायचे, आणि दोन्हींचे अक्षांश कोणत्या काळात एकमेकांना येऊन मिळतात ते बघायचं. तो टकरीचा काळ.

यात सगळी मदार एका गोष्टीवर असते. ड्रिलने खडकात गोल कापलेली कांडी डोंगरातून सोडवण्याआधी ती कोणत्या दिशेला आणि किती तिरपी होती ते लिहून घ्यावं लागतं. सोडवल्यावर ती नुसती दगडाची कांडी. दिशा होकायंत्राने घ्यायची तर काळा पाषाण स्वतःच सुईला ओढतो. म्हणून सावली घेतात. कांडीवर पितळेची नळी बसवायची, नळीवर छोटी तबकडी, तबकडीत उभी सुई. सुईची सावली कितव्या अंशावर पडली ते लिहायचं आणि शेजारी घड्याळातली वेळ. त्या वेळी सूर्य कुठे असतो ते गणिताने निघतं, त्यावरून दिशा निघते. वेळ चुकली की दिशा चुकली.

देवरे सरांच्या विद्यार्थ्यांपेक्षा झुंबर हे काम चांगलं करायचा. वेदिका तर ते उघड म्हणायची.

वेदिका सरांकडे पीएच.डी. करत होती. गंगापूर रोडलाच राहायची, वडील बँकेतून निवृत्त झालेले. हट्टी मुलगी. उन्हात आठ-आठ तास उभी राहायची आणि जेवणाची आठवण दुसऱ्याने करून द्यावी लागायची. ती झुंबरला 'झुंबरभाऊ' म्हणायची, तो तिला 'मॅडम'. चार हिवाळे दोघांनी मिळून पेठच्या, त्र्यंबकच्या, दिंडोरीच्या बाजूचे डोंगर पालथे घातले. लडाखला जायचं ठरलं तेव्हा तिने सरांना सांगितलं होतं की ड्रिल झुंबरभाऊच चालवतील. झुंबरने गरम कपड्यांची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

तर चार वर्षांपूर्वीचा मार्च. काळमाथा नावाची एक उघडी टेकडी आहे, दिंडोरीहून पेठकडे जाताना आत. तिथे लाव्ह्याचे दोन थर एकावर एक नीट दिसतात. त्या दिवशी वेदिकाला ताप होता. तरी ती आली, पण दहाच्या सुमाराला थंडी वाजायला लागली आणि ती गाडीत जाऊन पडली. वही झुंबरच्या हातात दिली. "आज तुम्हीच सगळं घ्या, झुंबरभाऊ," म्हणाली.

सकाळपासून आभाळ होतं. झुंबरने चौदा कांड्या पाडल्या आणि त्या खडकातच उभ्या ठेवल्या, ऊन पडलं की एकदम मोजू म्हणून. ऊन पडेना. ढग काळे व्हायला लागले आणि दिंडोरीकडून गार वारा सुटला. घरी द्राक्षं उतरायला आलेली. त्याचं लक्ष कांड्यांवर कमी आणि त्या बाजूच्या आभाळावर जास्त होतं. मग एकाएकी ऊन पडलं. किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता. झुंबर एका कांडीवरून दुसरीवर असा धावत राहिला, नळी बसवायची, सावली वाचायची, आकडा लिहायचा. तिरपेपणा त्याने सकाळीच मोजून ठेवला होता. पंधरा-सोळा मिनिटांत चौदा आकडे लिहून झाले. शेवटच्या दोन कांड्या राहिल्या असताना खिशातला फोन थरथरला. तो त्याने काढला नाही. चौदावी झाल्यावर काढला. दीपमालाने फोटो पाठवला होता, स्टीलच्या ताटात गोळा केलेल्या गारा, बोराएवढ्या.

त्याने कांड्या सोडवल्या, पिशवीत भरल्या, वेदिकाला घरी सोडलं आणि मोटारसायकलने बागेत गेला. संध्याकाळी पाचला चिखलात उभं राहून त्याला आठवलं की वेळेचा रकाना कोराच राहिलाय. दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. त्याने आठवून पाहिलं. सूर्य अगदी डोक्यावर होता, सुईची सावली आखूड होती. म्हणजे बाराच्या सुमाराला. त्याने बारा पाचपासून एकेक मिनिट वाढवत बारा अठरापर्यंत लिहून टाकलं.

"मला वाटलं, अर्धा तास इकडंतिकडं," तो मला नंतर म्हणाला. "अर्ध्या तासात सूर्य असा किती पळतो, सर?"

उन्हाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, तो फार पळतो. हे झुंबरला माहीत होतं, आणि नाशिकला सूर्य बाराला नाही, पाऊण वाजता माथ्यावर येतो हेही माहीत होतं. चिखलात उभं असताना मात्र त्याला बाग दिसत होती.

दोन वर्षं काही झालं नाही. कांड्या कापल्या गेल्या, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत मोजल्या गेल्या. मग एका दुपारी वेदिका धावत बोळात आली आणि करवत बंद करायची खूण केली. मी माझ्या खिडकीत होतो.

"झुंबरभाऊ, काळमाथा फिरलाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"बाकी सगळ्या डोंगरांचे कण एका दिशेला बघतात. काळमाथ्याचे तीस अंश डावीकडे. दोन्ही थर, चौदाच्या चौदा कांड्या, एकीचाही अपवाद नाही. लाव्हा थिजल्यानंतर तो अख्खा तुकडा फिरला असणार. कदाचित त्या टकरीचा ताण इतक्या लांबपर्यंत पोचला असेल."

झुंबर म्हणाला, "चांगलं झालं, मॅडम." आणि करवत चालू केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर त्याने सांगितलं की त्या क्षणी त्याला वहीतला तो रकाना दिसला, शाईचा रंगसुद्धा. बाकी पानं डोंगरावर निळ्या पेनाने लिहिलेली, आणि तो रकाना घरातल्या काळ्या पेनाने.

देवरे सरांनी ढोबळ पडताळा म्हणून विचारलं होतं, होकायंत्राचे आकडे काय म्हणतात. ते त्या दिवशी घेतलेच नव्हते. वेदिका म्हणाली, "सावली झुंबरभाऊंनी घेतलीय, सर. त्यात चूक नसते." सरांनी विषय सोडला. तिने छोटा लेख लिहिला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला. प्रबंधात त्याचं एक प्रकरण झालं. तिला बाहेरच्या एका परिषदेचं बोलावणं आलं. लेखाच्या शेवटी आभारात झुंबर गणोरे हे नाव होतं. वेदिकाने ते पान चौकटीत बसवून त्याला दिलं.

एका स्थानिक पेपरने बातमी छापली, 'दिंडोरीच्या भूमिपुत्राने शोधला फिरलेला डोंगर'. गावाने दिवाळीत मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला. झुंबरने मलाही बोलावलं होतं. शाल घातली, नारळ दिला, सरपंच बोलले. मग झुंबरला माईकपुढे उभं केलं. तो दोन वाक्यं बोलला आणि थांबला. पुढच्या रांगेतल्या गोटीरामबाबांनी हात वर केला. वय ऐंशीच्या पुढे.

"डोंगर फिरला म्हणतोस, मंग बांध कसे नाय फिरले?"

सगळा पार हसला. झुंबरने माईकची दांडी धरून ठेवली होती. तो म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर हाय." लोकांना तोही विनोद वाटला.

परत येताना तो माझ्या गाडीवर मागे बसला होता, शाल मांडीवर घडी करून. सत्काराचा विषय काढला तर "नीट बघून चालवा, सर," एवढंच म्हणाला. मी समजलो, दमला असेल.

त्याच हिवाळ्यात दीपमालाने फोन बदलायचा म्हणून जुने फोटो काढून घेतले. झुंबर शेजारी बसून बघत होता. गारांचा फोटो आला. त्याखाली वेळ होती, एक वाजून तीन मिनिटं.

"तू हा लगेच पाठवला होतास का?" त्याने विचारलं.

"लगेच. गारा विरघळायच्या आत."

फोन थरथरला तेव्हा बाराव्या कांडीचं लिहून झालं होतं. म्हणजे पहिली पावणेएकच्या पुढे आणि चौदावी एक वाजून गेल्यावर. त्याने प्रत्येक वेळ पाऊण तासाने मागे लिहिली होती. त्याने कागदावर पाऊण तासाचा हिशेब मांडला. सूर्य तेवढ्यात तीस अंश सरकला होता. डोंगर तिथेच होता.

त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. दीपमालाला वाटलं पोटाचं काही आहे. मला वाटलं कंत्राटाचा महिना जवळ आलाय.

फेब्रुवारीत त्याने विभागाच्या कपाटातली पितळी नळी टॉवेलात गुंडाळली आणि कुणाला न सांगता काळमाथ्यावर गेला. कांड्या काढल्या तरी भोकं खडकात राहतात. त्या भोकांत नळी बसवून, नीट घड्याळ बघून, दिशा पुन्हा घेता येते. निदान खात्री तरी होईल असं त्याला वाटलं. जाऊन बघतो तर टेकडीचा निम्मा भाग नाहीसा झालेला. खडी क्रशर लागला होता. खालचा थर पूर्ण गेलेला, वरच्या थराचा एक काठ शिल्लक. त्या काठावर त्याला चौदापैकी दोन भोकं सापडली. ऊन स्वच्छ होतं. त्याने दोन्ही मोजली. वहीवरून निघालेल्या दिशेशी एकात एकोणतीस अंशांचा फरक, दुसऱ्यात एकतीस.

तिथला मुकादम भिका नावाचा माणूस होता. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"काय मोजू राह्यले?"

"जुनी भोकं."

"मोजून घ्या मंग. सोमवारी हे बी उडवायचंय."

तो गुरुवार होता. झुंबर तिथून थेट माझ्या खोलीत आला. दार लावलं. नळी टेबलावर ठेवली आणि मी वर सांगितलं ते सगळं पहिल्यांदा बोलला, मागेपुढे, अडखळत. मी त्याला शेकडो वेळा चहा दिला असेल, त्या दिवशी दिला नाही. सुचलंच नाही.

मग त्याने विचारलं, "काय करू, सर?"

मी जे म्हणालो ते इथे लिहायला हवं. मी म्हणालो, "सोमवारपर्यंत थांब."

"म्हंजे?"

"वेदिकाचा प्रबंध पुढच्या महिन्यात जातोय. तुझा कागद एप्रिलअखेर होतोय. सोमवारनंतर ती भोकं राहणार नाहीत. कुणी तपासणार नाही, कुणाला तपासता येणार नाही. डोंगर थोडा फिरला म्हणून कुणाचं काय बिघडलं? तू बोललास तर तिचं वाटोळं होईल आणि तुझं आधी होईल."

झुंबरने ऐकून घेतलं. म्हणाला, "हां. मला बी तसंच वाटत होतं." नळी परत टॉवेलात गुंडाळली. दाराशी थांबून म्हणाला, "पण सर, सोमवारनंतर ते एकट्या माझ्याच जवळ राहील. कुठं ठेवू?"

मी वह्या पुढे ओढल्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, करवत बंद होती. समोरच्या खोलीत वेदिका नमुन्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. माझी खिडकी उघडी होती आणि मी ती लावली नाही.

"मॅडम, काळमाथ्याच्या वेळा मी अंदाजाने टाकल्यात."

"कुठल्या वेळा?"

"सावलीच्या. चौदाच्या चौदा. सावल्या खऱ्या हायेत. वेळा घरी बसून लिहिल्या, दुसऱ्या पेनाने."

तिने चिठ्ठी हातात धरून ठेवली. "किती वाजले होते खरे?"

"एकला दहा कमी ते एक-पाच."

"हे कसं माहीत?"

त्याने फोटो दाखवला. मग आदल्या दिवशी घेतलेले दोन आकडे एका कागदावर लिहिलेले दाखवले. ती बसली. तिने कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं, पुसलं, पुन्हा केलं.

"तीन वर्षं, झुंबरभाऊ?"

"पहिली दोन वर्षं मला चुकलंय असं वाटलंच नव्हतं. तिसरं वर्ष माझं."

"मी तुमचं नाव छापलं."

"हां."

"सत्काराला मी पेढे पाठवले होते."

ती उठली, बाहेर आली, माझ्या खिडकीवरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाच मिनिटांनी परत आली, चेहऱ्यावर पाणी मारलेलं. "उद्या सकाळी निघायचं," ती म्हणाली. "सोमवारच्या आत मला ती भोकं स्वतः बघायचीत."

शनिवारी मीही गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. काळमाथ्यावर धूळ होती, क्रशर चालू होता. भिकाने वेदिकाला बघून तासभर काम थांबवलं. काठावर जायला झुंबरने हात पुढे केला, तो तिने धरला नाही, दगडाला धरून चढली. झुंबरने नळी बसवायला घेतली तेव्हा म्हणाली, "राहू द्या, मी घेते."

चार हिवाळे त्या नळीला झुंबरचाच हात होता. तो मागे सरकून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नसावं. त्याने ते पाठीमागे बांधले, मग सोडले, मग टोपी काढून हातात घेतली. वेदिकाने प्रत्येक भोक तीन-तीनदा मोजलं. वेळ फोनवर बघून मोठ्याने म्हणायची आणि लिहायची. झुंबरच्या आकड्यांत आणि तिच्यात अंशाचाही फरक आला नाही.

ती खडकावर बसली. वही मिटली.

"कल बरोबर आहे," ती म्हणाली, माझ्याकडे बघून, झुंबरकडे नाही. "तिरपेपणा त्यांनी सकाळी नीट मोजला होता. चुकली ती फक्त आडवी दिशा. भारत कुठे होता ते कलावरून निघतं, त्याला काही होत नाही."

"म्हंजे टकरीच्या काळाला धक्का नाय?" झुंबरने विचारलं.

"त्याला नाही." मग पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "माझ्या प्रकरणाला आहे. ते पूर्ण जातं. लेख जातो. डोंगर फिरलाच नाही तर लिहिलं कशावर?"

"मॅडम, बाकीच्या बारांना बी तेवढाच फरक धरून…"

"बाकीची बारा भोकं आता खडीत गेली. दोन भोकांवरून आणि गारांच्या फोटोवरून बारा कांड्यांच्या वेळा मी नाही बदलू शकत. तुम्ही माझ्या जागी असता तर बदलल्या असत्यात?"

"नाय," झुंबर म्हणाला.

पुढचं सगळं भराभर झालं. वेदिकाने नियतकालिकाला पत्र लिहून लेख मागे घेतला. कारण स्पष्ट लिहिलं, वेळेच्या नोंदी विश्वसनीय नाहीत. नाव कुणाचं लिहिलं नाही. परिषदेला येत नाही असं आपणहून कळवलं. प्रबंध आठ महिने लांबला. त्या आठ महिन्यांत तिच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती, तीही लांबली, आणि त्यातलं एक स्थळ गेलं. हे तिने झुंबरला कधी ऐकवलं नाही. मला तिच्या वडिलांकडून कळलं.

देवरे सर ओरडले नाहीत. त्यांनी झुंबरला समोर उभं केलं आणि विचारलं, "वेदिकाला सांगायच्या आधी कुणाला सांगितलं होतंस का?"

झुंबर म्हणाला, "नाय सर."

मी त्या वेळी त्याच खोलीत, परीक्षेच्या वेळापत्रकावर सही घ्यायला उभा होतो. मी सही घेतली आणि बाहेर आलो. माझ्या त्या सल्ल्याबद्दल झुंबर आजवर कुणाला काही बोललेला नाही. मीही बोललो नव्हतो.

एप्रिलअखेर नवा कागद झाला. त्यात एक ओळ जास्त होती, कामाची जागा फक्त प्रयोगशाळा. लडाखच्या यादीतून त्याचं नाव काढलं. दुसरा माणूस ठरला, पुण्याकडचा, अशा कामातला मुरलेला. जायच्या आधी झुंबरनेच ड्रिल उघडून साफ केलं, बिटं तपासली, पाण्याचा पंप बदलून दिला. लाकडी पेट्या त्यानेच बांधल्या.

घरी दीपमाला महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिचं म्हणणं एकच होतं. "सांगायचं होतं तर सत्काराच्या आधी सांगायचं. नायतर सांगायचंच नाय." चौकट तिने भिंतीवरून काढली नाही, कारण काढली तर बघायला येणारे विचारतील.

गावाचं वेगळंच झालं. झुंबर सरपंचांकडे गेला आणि म्हणाला, ते चुकलं होतं, डोंगर फिरला नव्हता, तुम्ही लोकांना सांगा. सरपंच म्हणाले, "राहू दे रे. कुणाला काय कळतंय." त्याने पारावर दोघा-तिघांना सांगून पाहिलं. त्यांना वाटलं, माणूस साधा आहे, मोठेपणा घेत नाही. लग्नात, दशक्रियेला, सोसायटीच्या मीटिंगला अजून त्याची ओळख तशीच करून देतात. तो "नाय हो, फिरला नव्हता" म्हणतो आणि लोक हसतात. आता त्याने म्हणणंही सोडलंय. गोटीरामबाबा तेवढे ऐकून घ्यायचे, ते गेल्या पावसाळ्यात वारले.

मी एकदा त्याला विचारलं, "सांगितल्यावर हलकं वाटलं का?"

तो विचार करून म्हणाला, "जेवण जायला लागलं. बाकी हाय तिथंच हाय." मग म्हणाला, "पण तिथं म्यां एकटा नाय आता. मॅडमला बी माहीत हाय."

त्यानंतर आठवड्याभराने मी वेदिकाला माझ्या खोलीत बोलावलं आणि 'सोमवारपर्यंत थांब' हे मी म्हणालो होतो, ते सांगितलं. तिने ऐकलं. "मला अंदाज होता," म्हणाली. "तुमची खिडकी त्या दिवशी उघडी होती, आणि शनिवारी तुम्ही काहीच विचारलं नाही." तेव्हापासून ती मला नमस्कार करते, पण आत येऊन बसत नाही.

लडाखहून माणसं सप्टेंबरात परतली. पेट्या बोळात उतरवल्या. देवरे सर कापायचं काम बाहेर द्यायच्या विचारात होते, तिथला दगड नाजूक आहे, लालसर, थरांचा, आपल्यासारखा नाही. वेदिकाने काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुपारी ती पहिली पेटी स्वतः उचलून झुंबरच्या खोलीत घेऊन आली, टेबलावर ठेवली आणि उघडली.

"ह्या पलीकडच्या," ती म्हणाली. "खुणा वरच्या अंगाला आहेत. पाणी कमी सोडा."

"हां."

"आधी एक करून बघा. मी थांबते."

झुंबरने एक कांडी उचलली, नखाने थर तपासला, ओली केली, करवतीच्या पकडीत बसवली. करवत चालू झाली आणि पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. पहिली कांडी मधोमध तुटली. त्याने करवत बंद करून तिच्याकडे पाहिलं. तिने तुटलेले दोन तुकडे खुणांसकट वेगळ्या डबीत टाकले, डबीवर नंबर लिहिला आणि दुसरी कांडी त्याच्यापुढे सरकवली. त्याने या वेळी करवतीचा वेग निम्म्यावर आणला. दुसरी नीट कापली गेली.